‘मी’, मन आणि मनातले हेतू: शनिवारच्या बैठकीत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या कॉलेज रोडला एका मित्राच्या गच्चीवर दर शनिवारी संध्याकाळी आमची तत्त्वज्ञानाची बैठक बसते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले लोक येतात, निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार येतात, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले काका येतात, नर्सिंगच्या मुली येतात. दोन-तीन जण फक्त चहाला येतात, त्यांचंही स्वागत आहे. माणसं बदलतात, प्रश्न मात्र फिरून तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली. ती माझी आहेत. बैठकीत सगळ्यांना पटतात असं अजिबात नाही.

तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्मच ना? ध्यान, जप वगैरे करून घेता का?

नाही. इथे प्रश्न विचारायचे आणि उत्तराच्या मुळाशी जायचं, एवढंच. श्रद्धा चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायची गरज नाही. पण ‘महाराजांनी सांगितलंय’ हे कारण इथे चालत नाही, आणि ‘सायन्सने सिद्ध केलंय’ एवढं म्हणूनही सुटका होत नाही. कोणी, कसं, कशावरून ते सांगावं लागतं.

‘मी’ म्हणजे नक्की कोण? शरीर, मन की आत्मा?

नवा माणूस हाच प्रश्न घेऊन येतो आणि त्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. तसं मिळणार नाही, पण भांडण कुठे आहे ते दाखवता येतं.

फ्रान्सच्या रने देकार्तने १६४१ साली मांडलं की डोळ्यांवर, कानांवर, अगदी स्वतःच्या शरीरावर संशय घेतला तरी संशय घेणारा कोणीतरी उरतोच. तो उरलेला, विचार करणारा, म्हणजे मी. शंभर वर्षं व्हायच्या आत, १७३९ साली, स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने यालाच सुरुंग लावला. तो म्हणाला, मी स्वतःच्या आत डोकावतो तेव्हा ऊन, गारवा, राग, प्रेम, दुखणं असं काही ना काही हाती लागतं. हे सगळं ज्याला होतंय तो ‘मी’ एकदाही सापडत नाही.

आपल्याकडे हा वाद जुना आहे आणि नाशकात तर त्याची दोन्ही टोकं हाकेच्या अंतरावर आहेत. मुंबई हायवेला लागलात की त्रिरश्मी डोंगरावर लेणी दिसतात. आपण त्यांना पांडवलेणी म्हणतो, पण ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. बौद्ध विचारात ‘मी’ नावाची टिकाऊ वस्तू नाही. नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ? सगळ्याला ‘नाही’ म्हटल्यावर राजा अडकतो. भाग जोडले की त्यांना आपण रथ म्हणतो, माणसाचंही तसंच. उलट दिशेला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांच्या धाकट्या भावाने, ज्ञानेश्वरांनी, पहिल्याच ओवीत आत्मरूपाला ‘स्वसंवेद्य’ म्हणून नमस्कार केला: त्याला जाणायला दुसरा कोणी लागत नाही, ते स्वतःच स्वतःला प्रकाशमान असतं. म्हणजे ह्यूमला जे सापडलं नाही ते सापडण्याची वस्तूच नव्हतं, कारण शोधणारा तोच होता. बृहदारण्यक उपनिषदातला याज्ञवल्क्यही ‘नेति नेति’ (हे नव्हे, ते नव्हे) म्हणतो तेव्हा रोख हाच असतो.

लेण्यांत गेलात तर बुद्धमूर्ती पाहून लगेच खाली उतरू नका, भिंतींवरचे लेख बघा. ‘मी’ नाही असं शिकवणाऱ्या भिक्षूंना राहायला लेणं देणाऱ्यांनी आपलं नाव, कुळ, दानाचा हिशेब असं सगळं दगडात कोरून ठेवलंय. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात त्याने तीन लाख गाई दान दिल्याचा उल्लेख आहे. गौतमी बलश्रीने मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, कीर्ती कोरवून घेतली आहे. यात ढोंग होतं असं मला वाटत नाही. आत डोकावून ‘मी’ सापडो न सापडो, दिलं कोणी आणि देणं कोणाकडे लागतं हे सांगायला तो लागतोच. माझं मत विचाराल तर ‘मी’ शोधायची जागा ही आहे: दिलेला शब्द, घेतलेलं कर्ज, केलेलं काम. डोळे मिटून आत काय दिसतं त्याचा नंबर त्यानंतर लागतो.

लहानपणीचा मी आणि आजचा मी एकच कशावरून?

इंग्लंडच्या जॉन लॉक या तत्त्वज्ञाचं उत्तर: आठवणीवरून. जिथवर आठवण पोचते तिथवर तू तोच. थॉमस रीडने याची गंमत केली. एक मुलगा बागेतली फळं चोरून मार खातो, मोठेपणी लष्करी अधिकारी होऊन लढाईत शत्रूचं निशाण पकडतो, म्हातारपणी सेनापती होतो. अधिकाऱ्याला मार आठवतो, सेनापतीला निशाण आठवतं, पण मार आठवत नाही. मग लॉकच्या हिशेबाने सेनापती हा अधिकारी आहे, अधिकारी हा मुलगा आहे, आणि सेनापती मात्र तो मुलगा नाही! ज्याला हे वाचून हसू येत नाही त्याला तत्त्वज्ञान फार आवडणार नाही.

आमच्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश झालाय. आता मलाही ओळखत नाहीत. त्या ‘त्याच’ आहेत का?

पंचवटीतल्या एका ताईंनी हे विचारलं तेव्हा लॉक-रीडची गंमत तिथेच संपली. त्यांनीच पुढे सांगितलं: सासूबाईंना सुनेचं नाव येत नाही, दिवस कोणता ते कळत नाही, पण पुढ्यात कापूस ठेवला की हात चालू होतात. सरकी काढायची, कापूस मोकळा करायचा, बोटाला दुधाचा थेंब लावून फुलवातीचं टोक वळायचं. बसकी वात झाली तर बाजूला. ती निरांजनात चालणार नाही हे त्यांना अजून कळतं.

अमेरिकेत एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखला गेलेला एक रुग्ण होता. फेफऱ्यावर उपाय म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूचा काही भाग काढला आणि तेव्हापासून नवी आठवण बसेना. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला लावली. रोज तो म्हणायचा, हे मी आधी कधीच केलेलं नाही. रोज त्याचा हात मात्र आदल्या दिवसापेक्षा सफाईने चालायचा. सांगता येणारी आठवण वेगळी आणि हातात मुरलेली वेगळी, हे त्यातून कळलं.

तेव्हा ताईंना मी म्हटलं, आठवण ही ‘तीच’ असण्याची एकमेव खूण मानू नका. खोटी वात बाजूला काढणारी व्यक्ती कोणीतरी आहे, आणि तिची नड तुम्हाला ठाऊक आहे. यावर त्या म्हणाल्या, “ते ठीक आहे हो, पण मला ‘कोण गं तू’ म्हणतात तेव्हा फार लागतं.” त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

मी असं का वागलो, ते इतर कोणाला नाही तरी मला नक्की माहीत असतं ना?

या पानावरचा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. उत्तर: आपल्याला वाटतं तितकं नाही.

निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांचा १९७७ सालचा निबंध आहे. त्यातल्या एका प्रयोगात दुकानात चार स्टॉकिंग्ज ओळीने मांडले होते, चारही हुबेहूब एकसारखे. यातला चांगला कोणता, असं गिऱ्हाइकांना विचारलं. अगदी उजवीकडचा निवडणारे अगदी डावीकडच्याच्या जवळपास चौपट निघाले. का निवडला? वीण चांगली आहे, पोत मऊ आहे. उजवीकडे होता म्हणून तर नाही ना? छे, काहीतरीच काय!

मायकेल गझनिगाचं काम त्याहून धक्का देणारं आहे. मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा पूल ज्यांचा शस्त्रक्रियेने कापलेला होता अशांपैकी एका रुग्णाच्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्याला बर्फ साचलेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडं. बोलण्याची सूत्रं डाव्या अर्धगोलाकडे, आणि त्याने बर्फ पाहिलेलाच नाही. फावडं का, असं विचारताच रुग्ण पटकन म्हणाला: खुराडं साफ करायला फावडं लागतंच की. त्याने थाप मारली नव्हती, त्याला ते खरंच वाटत होतं.

आपला मेंदू दुभंगलेला नाही, पण हा आतला वकील आपल्याकडेही आहे. आधी वागणं होतं, मग वकीलपत्र. सरकारवाड्याजवळच्या दुकानात अर्धा तास घासाघीस करून घेतलेल्या वस्तूचं कारण विचारा, पोतापासून टिकाऊपणापर्यंत सगळं ऐकायला मिळेल. शेजारच्यांनी तसलीच घेतली होती हे मात्र बायकोच सांगेल. आणि म्हणून, स्वतःचा हेतू जाणून घ्यायचा असेल तर आत डोकावण्याआधी घरच्यांना विचारावं. ते रोज बघत असतात. बैठकीत हे कोणालाच आवडत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

कळतं पण वळत नाही, याचं काय करायचं?

अंबडच्या एका कारखान्यातला फिटर हे विचारत होता. डाव्या तळहातावर तंबाखू, नखाने काढलेला चुना, आणि अंगठा एका लयीत फिरतोय. “सर, कॅन्सरचं सगळं माहितीये. पुडीवरचा फोटो रोज बघतो.” मग दोन टाळ्या मारून भुकटी उडवली आणि चिमूट ओठाखाली गेली. प्रश्न आणि पुरावा एकदमच हजर!

अर्जुनानेही हेच विचारलंय: इच्छा नसताना, जबरदस्तीने कोणी ओढून न्यावं तसा माणूस पाप का करतो? कृष्ण उत्तरात काम आणि क्रोधाकडे बोट दाखवतो. प्लेटोच्या संवादातला सॉक्रेटिस मात्र प्रश्नच मान्य करत नाही. त्याच्या मते चांगलं काय ते खरोखर कळलेला माणूस वाईट करूच शकत नाही. वळत नसेल तर कळलेलंच नाही. ॲरिस्टॉटलने मधला रस्ता काढला: झोपलेल्या किंवा प्यायलेल्या माणसालाही एका अर्थी सगळं माहीत असतं, पण ते ज्ञान त्या क्षणी कामाला येत नाही.

मला जॉर्ज एन्स्ली या मानसोपचारतज्ज्ञाचा विचार जास्त उपयोगी वाटतो. लांबचा मोठा फायदा आणि जवळचं छोटं सुख यांत, सुख अगदी हाताशी आलं की त्याची किंमत एकदम फुगते. सकाळी आठला दोन्ही लांब असतात तेव्हा ‘आजपासून बंद’ हा प्रामाणिक निर्णय असतो. जेवणाच्या सुट्टीत पुडी हातात असते तेव्हा हिशेब उलटतो. म्हणजे तो फिटर खोटारडा नाही आणि कमकुवतही नाही. त्याच्यात सकाळचा एक आणि दुपारचा एक, असे दोघे जण वाटाघाट करतायत आणि पुडी दुपारच्याच्या खिशात आहे.

म्हणून निर्धार वाढवण्याच्या भानगडीत पडू नये. सकाळच्याने दुपारच्याची सोय आधीच बघावी: पुडी घ्यायचीच नाही, सुट्टीत बसायची जागा बदलायची, शेजाऱ्याला सांगून ठेवायचं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलंय की ‘मी सोडणार’ यापेक्षा ‘अमुक वेळ आली की मी तमुक करणार’ असं नेमकं ठरवलेलं जास्त पार पडतं. फिटरने यातलं काय केलं ते मला ठाऊक नाही, पुढे त्याची शिफ्ट बदलली.

सगळं मेंदूच ठरवतो असं सिद्ध झालंय. मग मी जबाबदार कसा?

इंटरनेटवरून आलेला प्रश्न. मूळ प्रयोग बेंजामिन लिबेटचा, १९८३ सालचा. लोकांना मनात येईल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं आणि ‘हलवावंसं वाटलं’ तो क्षण घड्याळावर पाहून लक्षात ठेवायला सांगितला. मेंदूतली विद्युत हालचाल त्या क्षणाच्या साधारण एक तृतीयांश सेकंद आधीच सुरू झालेली दिसली. यावरून ‘इच्छास्वातंत्र्य मेलं’ असे मथळे अजून फिरतात.

दोन गोष्टी लक्षात घ्या. २०१२ साली आरोन शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती आधीची हालचाल म्हणजे आधीच झालेला निर्णय असायलाच हवा असं नाही. मेंदूत सतत चाललेल्या चढउतारांची सरासरी काढली तरी तसाच आलेख दिसू शकतो. दुसरं, विनाकारण मनगट हलवणं हा कसला निर्णय? बाग काढून टाकावी की अजून एक हंगाम बघावा, हे शेतकरी चार महिने डोक्यात घोळवतो, बायकोशी भांडतो, सोसायटीच्या सचिवाला भेटतो. त्यातलं एक तृतीयांश सेकंदाचं मोजमाप काय सांगणार? आणि हो, मेंदूने ठरवलं आणि मी ठरवलं नाही, हे वाक्य बोलणारा कोणाचा मेंदू असतो?

माणूस मुळात स्वार्थीच ना? दान करणाराही समाधानासाठीच करतो.

हा युक्तिवाद करणाऱ्याला आपण फार मोठं गुपित फोडलंय असं वाटतं. जोसेफ बटलरने १८व्या शतकातच त्याचं उत्तर दिलंय. भुकेल्याला जेवू घालून मला समाधान वाटतं, कबूल. पण ते का वाटतं? तो जेवावा असं मला आधीपासून वाटत होतं म्हणून. ज्याला त्याची पर्वाच नाही त्याला समाधान येणार कुठून? समाधान मागून येतं, त्याला पुढे उभं करून हेतू म्हणणं ही हातचलाखी आहे. माणूस कायम निःस्वार्थी असतो असं यातून निघत नाही. एवढंच निघतं की ‘सगळे स्वार्थी’ हे निरीक्षण करून काढलेलं अनुमान नाही; त्याची व्याख्याच अशी केलीय की काहीही झालं तरी ती खोटी पडू नये.

आधी पोट, मग मान-सन्मान. मास्लोचा पिरॅमिड हेच सांगतो ना?

अब्राहम मास्लोने १९४३ साली गरजांची उतरंड मांडली: भूक, सुरक्षितता, आपलेपणा, प्रतिष्ठा आणि शेवटी स्वतःतल्या शक्यता फुलवणं. पिरॅमिडचं चित्र त्या निबंधात नाही, ते मागाहून इतरांनी काढलं. आणि हा क्रम लवचीक आहे असं मास्लो स्वतःही म्हणतो. एचआरच्या ट्रेनिंगमध्ये ते सांगत नाहीत.

पण नाशिककराला हे पुस्तकातून कळायची गरज नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो इथे उभा ठेवला. हजारो माणसं आली, त्यातली बहुतेक हातावर पोट असलेली. दरवाजे बंद झाले, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, आणि लढा तरीही वर्षानुवर्षं चालला. पोट भरल्यावर मान मागायचा असता तर त्यांनी तो कधी मागितला असता?

हेतूच्या दृष्टीने तर ही घटना अजून खोल आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, यांना रामाचं दर्शन हवं होतं. १९३४ सालच्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केलं की मूर्तिपूजक होण्यासाठी किंवा प्रवेशाने समता मिळेल म्हणून हा लढा नव्हता. आपल्या स्थितीची जाणीव होऊन माणसं पेटून उठावीत यासाठी होता. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. पत्र वाचलं असेल तर बसू नये. कृती काय आहे ते पाहून हेतू ओळखू जाल तर फसाल, आणि सोयीच्या पिरॅमिडात तो बसवायला जाल तर दुप्पट फसाल.

मुलाला अभ्यासाचं मोटिव्हेशनच नाही. काय बक्षीस ठेवू?

शक्यतो ठेवू नका. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीत एक प्रयोग केला. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना सांगितलं, काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिलं तर कबूल करून बक्षीस दिलेली मुलं चित्रांकडे बरीच कमी वळत होती. एडवर्ड डेसीला १९७१ साली कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांत पैशांचा असाच परिणाम दिसला होता. मनापासूनच्या शाबासकीने मात्र ओढ कमी झाली नाही. ज्या कामाची मुळात आवडच नाही तिथे बक्षिसाने आवड मरायचा प्रश्न येत नाही, हेही खरं.

डेसी आणि रायन यांच्या मते माणसाला तीन गोष्टी लागतात: आपण ठरवतोय ही भावना, जमतंय ही भावना, आणि आपलं कोणीतरी आहे ही भावना. आता गंगापूर रोडवरच्या एखाद्या क्लासबाहेर रात्री साडेआठला उभे राहा, बाहेर पडणाऱ्या मुलांचे चेहरे बघा आणि या तीन गोष्टींपैकी किती शिल्लक आहेत ते तुम्हीच सांगा.

डोक्यात विचार सतत चालू असतात. ते बंद कसे करायचे?

ढकलून होत नाहीत. डॅनियल वेग्नरने १९८७ साली लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिल्या. इगतपुरीला विपश्यनेचा दहा दिवसांचा कोर्स करून आलेले सांगतात की तिथेही विचार थांबवायला लावत नाहीत, सुरुवात नुसता श्वास पाहण्यापासून होते. आपल्या टाकळीला समर्थांनी बारा वर्षं तप केलं असं सांगतात. त्यांच्या मनाच्या श्लोकांत मनाला कुठेही ‘गप्प बस’ म्हटलेलं नाही. ‘सज्जना’ म्हणून हाक मारून २०५ श्लोक त्याची समजूत घातलीय. हाक मारणारा कोण आणि ऐकणारा कोण, यावर एकदा बैठक रात्री अकरापर्यंत चालली आणि शेजाऱ्यांची तक्रार आली.

एआयला ‘मी’ आहे का?

ते ‘मी’ म्हणतं, पण त्यावरून काही ठरत नाही. दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येते का, ते आधी सांगा. मग बोलू.

मेल्यावर ‘मी’ उरतो का?

रामकुंडावर अस्थी घेऊन रोज माणसं येतात, आणि या प्रश्नाचं उत्तर ठरल्यावरच येतात असं नाही. आम्हीही ठरवलेलं नाही.

हे सगळं वाचून ‘मी खरा नाहीच’ असं वाटायला लागलंय.

चर्चेच्या भरात तासभर तसं वाटणं वेगळं. पण आपण आपल्यापासून तुटलोय, आजूबाजूचं जग काचेपलीकडे आहे, असं दिवसेंदिवस राहत असेल, झोप-जेवण बिघडत असेल, तर तो तत्त्वज्ञानाचा विषय नाही. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. लगेच जमत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतही. बैठकीला नंतर या, ती कुठे पळून जात नाही.

बारावीतल्या मुलाला बैठकीला घेऊन येऊ का?

आणा. आधी त्याला विचारा.